जिरं आमचं चोख होतं

२००३ साली भंडारा जिल्ह्यात एक पडीक बोडी, म्हणजे छोटा तलाव, ठेक्यानं घेतली आणि रोहू, कटला, मृगळ या माशांचं जिरं, म्हणजे अगदी बारीक पिल्लं, वाढवून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकायला लागलो. पुढची दहाएक वर्षं धंदा बरा चालला. सांगायचं आहे ते २०१४ च्या पावसाळ्याचं.

आषाढातल्या एका सकाळी सगळं जिरं वर येऊन तोंड मारत होतं. ऑक्सिजन कमी पडला की असंच होतं, पण मीटर लिटरला सहा मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे पुरेसा, दाखवत होता. तरी पाण्यात हवा मिसळणारा एरेटर रात्रभर चालवला. सकाळी हाप्यात, म्हणजे पिल्लं ठेवायच्या जाळीच्या पिंजऱ्यात, मेलेल्या पिल्लांचा पांढरा खच! मोठ्या बोटुकलीचे कल्ले उचकले, तर लालभडक असायचे तिथं शेंबडासारखा चिकट थर. अंगावर व्रण नाही, ऊ नाही, शेपटी शाबूत.

पवनीकडच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष, आमचे काकाजी, तेवढ्यात मत्स्यबीज न्यायला आले. बघून म्हणाले, "पोरा, बिमारीची मासोळी सुस्त पडते. हे तं दम कोंडून मरून राहिली. नाला पाह्य."

आमच्या बोडीत पाणी यायचं त्या नाल्याच्या वरच्या अंगाला लोखंडावर जस्ताचा मुलामा चढवणारा एक कारखाना होता. पहिल्या मोठ्या पावसाचा आडोसा घेऊन त्यांनी साठवलेलं पाणी सोडलं होतं. खाजगी प्रयोगशाळेत नमुना दिला. जस्त भरपूर, शिसंही. जस्त कल्ल्याला भिडलं की कल्ला चिकटा सोडतो, मग पाण्यात ऑक्सिजन असूनही रक्तात उतरत नाही. त्यात पावसाचं पाणी हलकं. चुन्याचा अंश कमी असला की धातू जास्त बाधतो, आणि पहिला बळी जिऱ्याचाच जातो. सरकारी माणूस नमुना घ्यायला आला तोवर नाला धुऊन निघाला होता. भरपाईचं नाव नाही.

शेजारच्या तालुक्यातल्या एका बीजवाल्यानं मात्र संधी साधली. "त्यांच्या नर-माद्यांनाच रोग आहे" असं सोसायटी-सोसायटीत सांगत फिरला आणि बंगालचं स्वस्त जिरं खपवलं. स्वतःची एक हॅचरी नाही, आणि रोगाच्या गप्पा! तीन हंगाम आमच्या जिरं भरायच्या पिशव्या, ऑक्सिजनचे सिलिंडर धूळ खात पडले. काकाजी तेवढे आले. चारचौघांदेखत जाळीच्या वाटीनं जिरं मोजून घेतलं, मामा (माजी मालगुजारी) तलावात सोडलं आणि पैसे आगाऊ दिले. ती वाटी अजून आहे. कडा झिजल्यात, पण माप तिचंच.

नव्यांना सांगतो, नुसतं पाणी तपासू नका, गाळही तपासा. धातू तिथं बसतो, आणि मृगळ तळातलंच खातो. पाणी आंबट झालं की गाळातला धातू पुन्हा सुटतो, म्हणून सामू (पीएच) बघून चुना टाका. शेवाळावर मोरचूद ओतायची खोड सोडा, त्यातही तांबं आहे, म्हणजे धातूच. हलक्या पाण्यात शेवाळाआधी मासोळी जाईल. आणि जिरं जस्ताच्या नव्या बादलीत ठेवू नका.

नाल्याचं तोंड आता बांधून टाकलंय, बोडी बोअरवर भरते. यंदा त्या बीजवाल्याचा मुलगा बोटुकली मागायला आला. दिली. रोखीनं, आणि भावात एक रुपया सोडला नाही.