नुसतो निजता

वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. जूनचा दुसरा आठवडा, पाऊस लागून राहिलेला, लाईट गेलेली. दुपारी वाडीतल्या एक वहिनी छत्री मिटत आत आल्या. आठ दिवसांपूर्वी त्यांनी मुलासाठी ताकदीचं औषध मागितलं होतं आणि मी काही न विचारता टॉनिकची बाटली काढून दिली होती. ते अजून मनाला लागतं.

“ताई, त्या टॉनिकान काय झाला नाय. दिसभर नुसतो निजता. उठलो काय तीन माणसांचा जेवता, बोलूक गेला तर अंगार येता. देवाक गाऱ्हाणा पण घातलंय.”

मुलगा पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता. परीक्षा झाली आणि घरी आला. त्याची बॅग धुवायला काढली तेव्हा सापडलेली एक स्ट्रिप वहिनींनी पदरातून काढली. दहाही गोळ्या संपलेल्या, पत्रा फाटलेला. मोबाईलच्या उजेडात धरली तर कोपऱ्यात लाल अक्षरं शाबूत होती: एक्सआरएक्स. खाली नाव, मिथाइलफेनिडेट.

हे शेड्यूल एक्सचं, म्हणजे कायद्यातल्या कडक नियमांच्या यादीतलं औषध. विकायला वेगळं लायसन्स लागतं, माल कुलपात ठेवावा लागतो, डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत, त्यातली एक दुकानदाराने 2 वर्षं जपायची. माझ्याकडे ते लायसन्स नाही. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, असलेल्या मुलांना हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात आणि त्यांना त्याचा खरोखर उपयोग होतो. अशा कुणी हे वाचून आपली गोळी परस्पर बंद करू नये, हे कळवळून सांगते.

शटर अर्धं ओढलं आणि वहिनींबरोबर निघाले.

तो माजघरात भिंतीकडे तोंड करून पडला होता. बराच वेळ बोलेना. मी स्ट्रिप दाखवली तेव्हा उठून बसला. रूममेटला डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या. आधी रात्री जागायला एक, मग दोन, शेवटी दिवसाला चार-पाच. परीक्षेबरोबर गोळ्याही संपल्या.

आपल्या मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन काम झालं की पेशींत परत ओढलं जातं. ही गोळी ते ओढणं अडवते, म्हणून तरतरी येते, भूक मरते. जास्त प्रमाणात घेत राहिलं की शरीर त्याला सरावतं. मग एकदम तोडलं की सगळं उलटं फिरतं: झोप, भूक, चिडचिड, घाबरवणारी स्वप्नं आणि खोल उदासी. दारू सुटताना हात थरथरतात, घाम फुटतो, घरचे धावाधाव करतात. हे सुटताना पोरगं गाढ झोपतं, पोटभर जेवतं, आणि घरच्यांना वाटतं, परीक्षेचा शीण आहे, बरा होतोय. तेच दिवस जपायचे असतात.

“जीव नकोसो वाटता काय रे?” मी सरळच विचारलं. विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही; असलेला बाहेर येतो.

“येतत विचार, काकी. राती जास्त.”

वहिनी पेजेची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. वाटी खाली ठेवली आणि त्याच्या पाठीशी जाऊन बसल्या.

मी तिथूनच टेलि-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 वर फोन लावला. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांशीही बोलले. ते म्हणाले, याला उतारा अशी ठरलेली गोळी नाही. आजच घेऊन या, तोवर एकटं सोडू नका. पुढे त्याला सावरायला पाच-सहा आठवडे लागले, उदासीवरचे उपचार त्यानंतरही चालू राहिले.

संध्याकाळी रिक्षात बसताना वहिनींनी माझा हात धरला.

“गाऱ्हाणा घातलंय, ता फुकट गेला काय ओ ताई?”

“नाय वहिनी. तुमका स्ट्रिप गावली मा.”