आत्याला काय झालं होतं?

बेळगावात कॅन्सरच्या पेशंटना आणि त्यांच्या घरच्यांना जनुकीय तपासणीचे रिपोर्ट समजावून सांगणं हे माझं काम. खानापूर तालुक्यातल्या दोघी बहिणी आल्या. थोरलीला पस्तिशीच्या आतच स्तनाचा कॅन्सर, ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनवरची औषधं लागू न पडणारा प्रकार; केमो चालू. धाकटी धडधाकट. तिनं मोबाईलवर थोरलीचा रिपोर्ट उघडला आणि म्हणाली, "मॅडम, माझंबी दोन्ही काढून टाका की. जीनमध्येच दोष हाय म्हणं."

बीआरसीए1 हा जीन बिघडला तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. थोरलीच्या त्या जीनमध्ये डीएनएच्या एका अक्षराचा बदल होता, पुढे शेरा : महत्त्व अनिश्चित. घातक की निरुपद्रवी, हे ठरवायला पुरावा अपुरा. असा शेरा आपल्या लोकांच्या रिपोर्टांत युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा जास्त येतो, कारण ज्या नोंदींशी ताडून बघायचं त्यांत भरणा त्यांचाच. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांत बीआरसीए1 आणि त्याचाच जोडीदार बीआरसीए2 मधले तीन ठरावीक घातक बदल साधारण 40 जणांत एकाकडे सापडतात. मोजके पूर्वज, आपसातली लग्नं, म्हणून ते टिकले. भरपूर तपासण्या झाल्या, म्हणून ते कळले. लग्नं आपणही जातीतच करतो, कित्येकदा मामाच्याच घरात. आपली माणसं तपासलीच नाहीत, त्याची किंमत या पोरीनं का मोजायची? मला याचा संताप येतो.

वंशावळ काढायला बसले. आईकडे काही नव्हतं. वडिलांकडचं विचारलं, तर "बाबांना काय नाही." पण हा बदल बापाकडूनही तितकाच उतरतो. बहिणी किती त्यांना?

"एक आत्या होती. पोटात पाणी होऊन गेली."

"अंडाशयाचं निघालं होतं गं," थोरली हळूच म्हणाली. आत्याची लेक चंदगडला दिलेली, तिच्याही छातीचं ऑपरेशन झालेलं. आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं.

धाकटीला स्पष्ट सांगितलं, नुसत्या अशा शेऱ्यावर ऑपरेशन करत नाहीत. असे बहुतेक बदल पुढे निरुपद्रवी ठरतात. पण आत्या आणि आतेबहीण दोघींना झालंय, तेव्हा तुझी एमआरआयसकट नियमित तपासणी आत्तापासूनच.

आतेबहीण चंदगडहून रक्त द्यायला आली. तिच्यातही तोच बदल निघाला. एका घरावरून निकाल लागत नाही, तरी पुराव्यात भर पडली. वंशावळीसकट सगळं लॅबला कळवलंय. शेरा बदलला तर कळवायला तिघींचे नंबर फाईलवर लिहून घेतलेत.