दिवे घाटातली एकादशी

माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, नवमीला पुण्यात पोचते, दशमीला तिथेच थांबते आणि एकादशीला सासवडची वाट धरते. म्हणजे वारीतली मोठ्यातली एक मजल, तीसेक किलोमीटर चाल आणि त्यात दिवे घाटाची चढण, नेमकी उपवासाच्या दिवशी येते. दिंडीत नवीन माणूस आला की आम्ही त्याला आधी हेच समजावतो, की बाबा, एकादशीची तयारी दशमीलाच करावी लागते.

दशमीला एकभुक्त राहायचं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, असा नेम आहे. पुण्यात तो पाळणं फार अवघड. गल्लोगल्ली मंडप, कुठे शिरा, कुठे बुंदी, कुठे गरम भजी, आणि देणारा हात जोडून उभा. नाही कसं म्हणायचं? आम्ही प्रसाद म्हणून चिमूटभर घेतो, कपाळाला लावतो आणि पुढे चालू लागतो. त्याच्या भावनेचा मान राहतो आणि आपलं मापही सुटत नाही. ‘उद्या उपासच आहे’ म्हणून रात्री पोट फुटेस्तोवर जेवणारा माणूस पहाटे करपट ढेकर देत उठतो आणि हडपसर यायच्या आत पाणी पाणी करतो. दशमीला दुपारी भाकरी, आमटी, भात व्यवस्थित जेवावं, रात्री कपभर दूध, बस.

एकादशीचा सगळ्यात मोठा घोळ साबुदाण्याचा. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता पिष्ट पदार्थ. त्यावर तेल-तूप ओतून, बटाटा घालून दोन प्लेट खाल्ल्या की वडकीनाल्याच्या विसाव्यात डोळे मिटायला लागतात, आणि घाट चढताना आंबट पाणी घशाशी येतं. त्यापेक्षा पहाटे चार-पाच खजूर आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे, वाटेत केळी, विसाव्याला वाटीभर भगर आणि दाण्याची आमटी, घाटाच्या वर गेल्यावर राजगिऱ्याचा लाडू. एवढ्यावर माणूस टाळ वाजवत चढतो. भगर मात्र ताजी हवी. पावसाळी दमट हवेत भगरीला आणि तिच्या पिठाला बुरशी लवकर धरते, आणि तिच्या विषारानं अख्ख्या पंगतीला उलट्या-चक्कर होते. आम्ही बंद पाकिटातली भगर आणतो, निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुतो. दळलेलं पीठ घेत नाही, आणि सकाळची शिजवलेली संध्याकाळी वाढत नाही.

निर्जळी करण्याचा हट्ट या दिवशी धरू नये. घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातं. नुसतं पाणी ढोसत राहिलं तरी पोटऱ्यात गोळे येतात, कारण मीठ भरून निघत नाही. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. चमचा चहाचाच. उपासाला चालणारं म्हणून सैंधव घातलं तरी हरकत नाही. आणि शास्त्राचा आधार हवाच असेल तर जुना श्लोक आहे: पाणी, मूळ, फळ, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध, या आठांनी व्रत मोडत नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी चालणाऱ्यांना हे मुद्दाम ऐकवावं लागतं. त्यांची साखर एकदम उतरते, हात थरथरतात, घाम सुटतो. त्यांनी वारीआधीच डॉक्टरांना विचारून डोस आणि खाणं ठरवून घ्यावं.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट मनाला फार लागते. आडोसा मिळणार नाही म्हणून कितीतरी माउल्या सकाळपासून पाण्याचा घोटच घेत नाहीत. याला संयम म्हणू नये. त्यातून लघवीची जळजळ, मग ताप, आणि लोणंद-फलटणच्या आधीच घरी परतायची वेळ येते. दिंडीचालकानं प्रत्येक विसाव्याला बायकांसाठी शौचालयाची सोय कुठे आहे ते निघण्यापूर्वीच सांगितलं पाहिजे.

गीतेच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट आहे: फार खाणाऱ्याला योग साधत नाही, तसाच अगदी न खाणाऱ्यालाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. माउली म्हणतात, आहार ‘युक्तीचेनि मापें’ मोजून घ्यावा. झोपेलाही तेच माप. रात्री कीर्तन अकरापर्यंत आणि पहाटे तीनला उठायचं, तर दुपारच्या विसाव्यात अर्धा तास तरी पाठ टेकायचीच. ती वेळ गप्पांत घालवली की चौथ्या-पाचव्या दिवशी चिडचिड सुरू होते आणि पाण्याच्या टँकरवर भांडणं लागतात.

गळ्यात तुळशीची माळ घातली की मांस-मद्य सुटतं, हे सगळे पाळतात. तंबाखू आणि मिश्री मात्र माळेच्या आडून चालू राहतात, आणि ते मला पटत नाही. वारी ही सोडायला उत्तम वेळ आहे. पहिले तीन-चार दिवस तलफ जोरात असते, पण एकेक तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यात लवंग किंवा बडीशेप तोंडात टाकावी, घोटभर पाणी प्यावं, हरिपाठाचा एक अभंग म्हणावा. अष्टमीला सोडली तर सगळ्यात कठीण दिवस बरोबर पुण्यापासून घाटापर्यंत येतात, आणि चालण्यात, भजनात ते निघून जातात. चंची घरीच ठेवून यायची, पिशवीत नाही.

द्वादशीला सासवडला मुक्काम असतो. पारणं द्वादशी तिथी संपायच्या आत सोडायचं, म्हणून वेळ आदल्या रात्रीच पंचांगात बघून ठेवतो. पुरणपोळी, जिलबी या पंगतीला नको, रिकाम्या पोटाला ते झेपत नाही आणि जेजुरीच्या वाटेवर जुलाब लागतात. पत्रावळीवर मऊ भात, त्यावर साधं वरण, चमचाभर तूप, कडेला लिंबाची फोड. ‘पुंडलिक वरदा’ झालं की पहिला घास लहान घ्यायचा, सावकाश चावायचा, आणि वाढपी दुसऱ्यांदा आला की पानावर आडवा हात धरायचा.