स्क्रोल होणाऱ्या मजकुरावरची स्थिर पट्टी फाटते का?

जावा स्विंगमध्ये, म्हणजे जावाच्या खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररीत, स्क्रोल होणाऱ्या मजकुरावर काही काढायचं तर पहिला प्रश्न एकच: ते चित्र मजकुराबरोबर सरकायला हवं, की जागच्या जागी राहायला हवं? सरकणारं असेल, म्हणजे ओळीचा हायलाइट वगैरे, तर मजकूर दाखवणाऱ्या घटकाच्या पेंटकॉम्पोनेंट या रंगवणाऱ्या मेथडमध्येच सुपरनंतर, म्हणजे मूळ वर्गाचं रंगकाम झाल्यावर, काढावं आणि विषय संपवावा. खरी कटकट स्थिर चित्राची. वॉटरमार्क, कडेची सावली, खालची सूचना.

बरेच जण तेही पेंटकॉम्पोनेंटमध्येच, गेटव्हिजिबलरेक्टला दिसणारा भाग विचारून काढतात. खिडकी स्थिर असेपर्यंत सगळं छान दिसतं. जेव्ह्यूपोर्टचा, म्हणजे मजकुराचा दिसणारा भाग दाखवणाऱ्या चौकटीचा, मूळ मोड मात्र ब्लिट आहे: पडद्यावर आहेत ते पिक्सेल उचलून सरकवायचे आणि नव्याने उघडी पडलेली पट्टी तेवढी रंगवायची. समजा, व्ह्यूपोर्टची उंची 400 आहे आणि आपली सूचना 360 ते 390 या जागेत आहे. मजकूर 16 पिक्सेल वर गेला. जुनी सूचना उचलली जाऊन 344 ते 374 वर बसते. नवीन रंगकाम फक्त 384 ते 400 मध्ये होतं, म्हणून तिथे सूचनेची 6 पिक्सेलची खालची कड उमटते. मधे 10 पिक्सेल नुसता मजकूर. फाटकी पट्टी दिसते ती अशी. स्क्रोलचा बदल ऐकून रीपेंट (पुन्हा रंगकाम) मागवला तरी सरकवलेलं चित्र आधी पडद्यावर येऊन जातं, त्यामुळे लुकलुकणं राहतंच.

उपाय: व्ह्यूपोर्टला सेटस्क्रोलमोडने सिंपल मोड (पिक्सेल न सरकवता सगळं पुन्हा रंगवणारा) द्यायचा, आणि चित्र घटकात न काढता व्ह्यूपोर्टचा उपवर्ग करून त्याच्या पेंटमध्ये, सुपरनंतर काढायचं. उपवर्ग आधी सेटव्ह्यूपोर्टने बसवावा, घटक नंतर. उलट केलं तर घटक जुन्या व्ह्यूपोर्टबरोबर निघून जातो.

एवढ्यावर थांबलात तर दुसरी चूक राहते, आणि ती स्क्रोल न करताच दिसते. सूचनेने झाकलेल्या मजकुरात कर्सर न्या. तो लुकलुकला की सूचनेत एक बारीक उभी चीर पडते. कारण मजकूरघटक अपारदर्शक आहे. त्याचा रीपेंट त्याच्यापासूनच सुरू होतो, वरच्या व्ह्यूपोर्टला कोणी विचारतच नाही. जावा 7 पासून इझपेंटिंगओरिजिन ही मेथड प्रोटेक्टेड आहे. उपवर्गात तिच्यातून ट्रू परत करा, म्हणजे पोराचं, आतल्या मजकूरघटकाचं, प्रत्येक रंगकाम व्ह्यूपोर्टपासून सुरू होईल. माझ्या मते हाच सगळ्यात स्वच्छ मार्ग.

घटकाला सेटओपेक फॉल्स दिलं तरी दोन्ही दुखणी जातात: ब्लिट बंद होतं आणि रंगकाम वरच्या अपारदर्शक पालकापासून सुरू होतं. पण मग पार्श्वभूमीचा रंग व्ह्यूपोर्टला द्यावा लागतो, आणि सेटओपेकची ओळ तिथे का आहे हे पुढच्या वाचणाऱ्याला कळत नाही. जावा 7 मध्येच आलेला जेलेयर, म्हणजे दुसऱ्या घटकावर चित्र काढू देणारा आवरण-घटक, पूर्ण स्क्रोलपेनभोवती गुंडाळता येतो. रीपेंटचा प्रश्न तो स्वतः सोडवतो. सिंपल मोड तिथेही द्यावा. मजकुरातल्या एखाद्या शब्दावर खूण करायची असेल तर कन्व्हर्टरेक्टँगलने जागा लेयरच्या मापात आणायला विसरू नका.

सिंपल मोडची किंमत म्हणजे प्रत्येक स्क्रोलला दिसणारा सगळा भाग नव्याने रंगतो. स्वतः काढलेल्या घटकात गेटक्लिपबाउंड्स विचारून त्यात येणाऱ्या ओळीच काढल्या तर हे जाणवत नाही. हजारो ओळी दर वेळी काढल्या तर नक्की जाणवतं.

आपलं चित्र काढायला ग्राफिक्सची प्रत क्रिएटने सुपरला बोलावण्याआधीच घ्यावी, म्हणजे वाटेत क्लिप (कुठवर रंगवायचं ती मर्यादा) बदलली तरी आपली शाबूत राहते. क्लिप लहान करायची तर क्लिपरेक्ट वापरा. सेटक्लिपने आधीची मर्यादा पुसली जाते आणि चित्र स्क्रोलबारवर सांडतं. शेवटी प्रत डिस्पोज करा.