पेला बघून आलो, रिकामी टाकी ‘भरलेली’ निघाली

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं पेला गाव बघून आलो. भाड्याची आरव्ही (आत राहायची सोय असलेली गाडी) परत करताना काउंटरवरच्या माणसाने आत जाऊन टाक्यांची पातळी दाखवणाऱ्या पॅनेलचं बटण दाबलं. संडासच्या टाकीपुढे दोन-तृतीयांशचा दिवा लागला. टाकी त्याच सकाळी रिकामी केली होती. तरी फॉर्मवर ‘टाकी रिकामी नाही’ असं लिहून त्याने अनामतीतून 100 डॉलर कापले. झडप उघडून बघा म्हटलं, तर ‘इथे सांडपाणी सोडायची सोय नाही.’ म्हणजे त्याच्या लेखी पुरावा एकच, तो दिवा.

आणि तो दिवा खोटं बोलतो. टाकीच्या भिंतीत ठरावीक उंचीवर धातूच्या खुंट्या बसवलेल्या असतात. पाणी खुंटीपर्यंत चढलं की विजेचं मंडल पूर्ण होतं आणि दिवा लागतो. खुंटीवर ओला कागद किंवा मळाचा थर चिकटला, तर टाकी रिकामी असूनही मंडल पूर्णच राहतं. म्हणून एकदा सोडून भागत नाही. झडप बंद करा, कमोडमधून पाच-सहा बादल्या पाणी ओता, गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून पाणी आत हिंदकळू द्या, मग पुन्हा सोडा. आम्ही हे न करता निघालो, कारण रविवारी अकरानंतर डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, रांग लागते आणि मागचे लोक घड्याळ बघत असतात. सकाळी आठच्या आत उरका.

क्रम असा: आधी संडासची टाकी, मग सिंक-शॉवरची. साबणाच्या पाण्याने तीन इंची पाइप धुऊन निघतो. पाइपच्या तोंडाशी पारदर्शक कोपर (वाकडा जोड) लावा, स्वच्छ पाणी येईपर्यंत थांबा आणि त्याचा व्हिडिओ घ्या, शेवटी पॅनेलचाही. आमचे पैसे व्हिडिओमुळेच परत आले, तेही नऊ दिवसांनी. तोवर त्यांनीच कुठेतरी झडप उघडून पाहिली होती. पेलाभरही पाणी निघालं नाही. हातमोजे फेकून देता येतील असेच घ्या. डंप स्टेशनवरच्या धुण्याच्या नळाला पिण्याच्या पाण्याचा पाइप कधीही जोडू नका.

आयोवातलं पेला हे गाव मात्र अगदी सोपं. 1847 मध्ये हेंड्रिक स्कोल्टे या पाद्र्याने हॉलंडच्या सरकारमान्य चर्चशी फारकत घेतलेल्या सुमारे 800 लोकांना इथे आणून वसवलं. जॉर्डन नदीपलीकडच्या ज्या पेला नगरात सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी आसरा घेतला होता, त्याचं नाव गावाला दिलं. चौकाजवळची फर्मीर पवनचक्की 2002 ची असली, तरी बांधणी जुन्या डच पद्धतीची. वाऱ्यावर खरोखर गहू दळते. वर जाऊन जातं बघा. बेकरीत बदामाचं सारण भरलेली, एस आकाराची ‘डच लेटर्स’ मिळतात, सकाळीच घ्या.

मे महिन्याच्या सुरुवातीला ट्यूलिप टाइम हा उत्सव असतो. तेव्हा परेडसाठी चौकाभोवतीचे रस्ते बंद होतात. तीस फुटी गाडी गावात नेऊच नका, कडेला लावून चालत या. परेडआधी लाकडी खडावा घातलेले लोक झाडूने रस्ते घासून धुतात. आदल्या दिवशी डंप स्टेशनवर राबलेल्या माणसाला ते दृश्य जरा जास्तच भिडतं.

मुक्काम रेड रॉक तलावाच्या धरणाखालच्या हॉवेल स्टेशन या कॅम्पमध्ये होता. बुकिंग सहा महिने आधी खुलं होतं. ट्यूलिपच्या दिवसांसाठी पहिल्याच दिवशी करा. आमच्या जागेला वीज होती, सांडपाण्याची जोडणी नव्हती. ती असलेल्या कॅम्पमध्येही संडासच्या टाकीची झडप उघडी ठेवू नका: पाणी वाहून जातं, घट्ट मळाचा ढीग तळाशी वाळतो आणि खुंट्या कायमच्या माखतात. रिकामी केल्यावर दोन-तीन गॅलन पाणी आणि टाकीच्या औषधाची पुडी टाकूनच पुढचा वापर. कागद एकपदरी, तोही बेतानेच.

आणि हो, गाडी 30 अँपची असेल, तर एसी, मायक्रोवेव्ह आणि चहाची केटली एकदम लावू नका. एकूण 3600 वॉट मिळतात, तिघं मिळून त्याहून जास्त ओढतात. चहा गॅसवरच करा.