अ, क, ड, ब

पूर्वी शाळेचं वेळापत्रक पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आखलं जायचं आणि खोडरबराने झिजायचं. आता फेटसारखी सॉफ्टवेअर आहेत. हे फेट मूळचं रोमानियाचं, फुकट मिळतं आणि कामाला चोख. मात्र तास लावायच्या आधी ते विचारतं, वर्गाचं नाव काय?

काय असणार, दहावी अ! पण तोंडाने म्हणणं वेगळं. एक शिक्षक '१०अ' लिहितात, दुसरे '१० अ', तिसऱ्या बाई '१०वी-अ'. माणसाला तिन्ही एकच, संगणकाला तीन वेगळे वर्ग; मधली मोकळी जागासुद्धा त्याच्या लेखी एक अक्षर. इंग्रजी पाच आणि देवनागरी ५ यांचंही तेच. एक्सेलमधून यादी आणली की एकाच पाचवीच्या दोन होतात आणि गणिताचे तास अस्तित्वातच नसलेल्या वर्गाला जातात.

शिवाय त्याच्या यादीत दहावी पाचवीच्या आधी येते, कारण तो पहिला आकडा बघतो आणि एक पाचाहून लहान. म्हणून पाचवी ते नववीच्या डोक्यावर शून्य ठेवायचं: ०५अ, ०८ब. मुलांना हे शून्य भारी आवडतं, का ते विचारू नका.

खरी मजा तुकड्यांची. संगणकाला क्रम लावायला सांगितला तर तो अ, क, ड, ब असा लावतो. तुकड्या सहा असतील तर अ, इ, क, ड, फ, ब. चूक त्याची नाही. तो मुळाक्षरांच्या तक्त्याप्रमाणे चालतो, आणि तिथे ब हा ड च्या बराच पुढे, फ च्या शेजारी बसतो. अ-ब-क-ड हा आपला क्रम मुळी इंग्रजी ए-बी-सी-डीची सावली. मराठी शाळेच्या दारावर पिढ्यान्‌पिढ्या रंगवलेला हा क्रम मराठी नाही, हे सांगायला यंत्र यावं लागलं! मला तर संगणकाचीच बाजू पटते, पण 'ब' तुकडीला शेवटी बसवायची छाती कोणत्या मुख्याध्यापकांची आहे?

आठवीपासून आणखी गुंता. काही मुलं पूर्ण हिंदी घेतात, काही हिंदी-संस्कृत संयुक्त. त्या तासाला वर्ग दुभंगतो आणि ०८अ व ०८ब ची संस्कृतवाली एकाच खोलीत बसतात. फेटमध्ये त्यासाठी वर्ष, गट, उपगट अशी उतरंड आहे आणि एक नाव दोनदा चालत नाही. मग '०८अ_सं' असली नावं जन्माला येतात. हे पत्रक शिक्षक कक्षात लागलं की कुणीतरी विचारतंच, "हे सं म्हणजे संगीत का?"

काही शाळांनी अ-ब-क-डच काढून टाकलं, कारण अ म्हणजे हुशार आणि ड म्हणजे उरलेली, हे गावभर झालेलं. त्याजागी फुलं आली. हेतू उत्तम, पण पत्रकाच्या चौकटीत एका अक्षरापलीकडे मावत नाही, आणि जाई व जास्वंद दोघींचं पहिलं अक्षर 'जा'. शेवटी जास्वंदीची शेवंती करावी लागते. ती यादी फळ्यावर लागते न लागते तोच एखादी आई हळूच विचारते, "सर, शेवंती म्हणजे आधीची ब का हो?"