पोट उशिरा येतंय

१६ मे २०२१, रविवार, रात्री

आज परत फुटलेलं अपेंडिक्स. चंदगड भागातला विशीतला पोरगा, चार-पाच दिवस घरातच पोट धरून पडून होता. त्या भागातल्या लोकांना कोल्हापूर लांब पडतं आणि बेळगाव तासाभरावर, त्यामुळे बाजार म्हणा, कॉलेज म्हणा, दवाखाना म्हणा, सगळं पहिल्यापासून इकडंच. आता मात्र मधे महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवर नाका आहे, नाक्यावर पोलीस, आरटीपीसीआरचा रिपोर्ट दाखवा म्हणणार आणि तेही कन्नडात. इमर्जन्सीला सोडतात, पण घरात कळा सोसत बसलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

नाक्यापेक्षा मोठी भीती वेगळीच आहे. त्याची आई म्हणाली, "डॉक्टर, दवाखान्यात गेलं की पॉझिटिव्ह काढतात, आणि मग मढं बी ताब्यात देत नाहीत म्हनत हुते सगळे." मी काहीच बोललो नाही. तिच्या गल्लीत या महिन्यात काय काय झालंय ते तिनं डोळ्यांनी बघितलंय, तिला अडाणी म्हणणं मला तरी जमणार नाही.

आम्हा इमर्जन्सी सर्जरीवाल्यांचं सगळं शिक्षण एका गोष्टीभोवती फिरतं, वेळ घालवायचा नाही. पोट लाकडासारखं कडक लागलं की लगेच टेबलवर घ्यायचं, बाकीचं नंतर. आता पेशंट आधीच उशिरा येतो, आणि आल्यावर आम्ही त्याला अजून थोडा उशीर करतो, हे मला सगळ्यात जास्त लागतं. रॅपिड अँटिजेन टेस्ट, पोटाचा सीटी काढतानाच छातीचाही, मग पीपीई चढवणं. आरटीपीसीआरची वाट आम्ही बघत नाही, पेशंट पॉझिटिव्हच आहे असं धरून चालतो. पूर्ण भूल द्यायची असेल तर घशातून श्वासाची नळी घालताना भूलतज्ज्ञ आणि त्यांचा एक मदतनीस आत, आम्ही सगळे बाहेर, आणि नळी गेल्यावरही हवा साफ होईपर्यंत थांबायचं. हात धुऊन तयार सर्जन दाराबाहेर उभा, असं आधी कधी बघितलं नव्हतं. म्हणून जमेल तिथं कमरेतून भूल. आज तसंच केलं.

पोट उघडल्या उघडल्या पू वर आला. गॉगलवर वाफ धरलेली, एसी बंद, घाम डोळ्यात जातोय आणि पुसायला हात नाही. आतडी एकमेकांना चिकटलेली, अपेंडिक्स त्यात गुंडाळलेलं, बोटानंच शोधत जायचं, आणि बोटांवर दोन-दोन ग्लोव्ह्ज. नेहमी जे बोटाला पटकन कळतं ते हळू कळतं. सिस्टरला माझा आवाज दोन मास्कमधून ऐकू जात नव्हता म्हणून हातानंच खुणा. पोट धुऊन घेतलं, उरलेला पू बाहेर यायला ड्रेनची नळी ठेवली. पोरगा तरुण आहे, सावरेल असं वाटतंय. पण हेच अपेंडिक्स पहिल्या दिवशी आलं असतं तर एवढं काही झालंच नसतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये कोविडसर्ज या जगभरातल्या सर्जनांच्या गटाचा पेपर आला तेव्हा आकडे बघून रात्रभर झोप नव्हती. ऑपरेशनच्या आसपास कोरोना झालेले ११२८ पेशंट, त्यातले २३.८ टक्के ३० दिवसांत गेले, निम्म्याहून जास्त लोकांना फुफ्फुसाचा त्रास. नंतर असंही पुढं आलं की कोरोना होऊन गेल्यावर शक्य असेल तर ऑपरेशन सात आठवडे तरी लांबवावं. ठरवून करायच्या ऑपरेशनला हे बरोबरच आहे, मी पाळतोही. पण गँगरीन काय सात आठवडे थांबतं? मग घरच्यांसमोर बसून दोन्ही बाजू सांगायच्या, केलं तर हा धोका, नाही केलं तर तो, आणि त्यांनी म्हणायचं, "तुमीच ठरवा." हे ठरवणं आधीही होतं, पण एवढ्या अंधारात नव्हतं.

आणि पुढं ढकललेली ऑपरेशनं कुठं जात नाहीत. मागच्या लॉकडाऊनमध्ये "थांबूया" म्हणून सांगितलेले हर्निया आता अडकून येतायत, खानापूरचे एक काका परवाच आले, आतड्याचा तुकडा काळा पडलेला, काढावा लागला. ॲक्सिडेंट कमी झाले म्हणून ऑपरेशन थिएटर रिकामं असेल असं लोकांना वाटतं, तसं नाहीये.

उद्या सकाळी चंदगड आणि खानापूरकडच्या ओळखीच्या सगळ्या डॉक्टरांना फोन लावणार आहे. उजवीकडं खाली दुखतंय, ताप आहे, उलटी आहे, तर इंजेक्शन देऊन घरी ठेवू नका, त्याच दिवशी पाठवा. सोबत लेटरहेडवर चिठ्ठी द्या, पोटाची इमर्जन्सी आहे म्हणून, मोठ्या अक्षरात, कन्नडातही, म्हणजे नाक्यावर बोलत बसायला नको. कन्नड मजकूर मी आत्ताच आमच्या स्टाफकडून लिहून घेतलाय, सगळ्यांना व्हॉट्सॲप करतो.